खेकड्याचं बीळ

डागाच्या कडेने मी पेन्सिल फिरवते दरवर्षी,
स्टुलावर उभी राहून, मान मोडेस्तोवर,
आणि बाजूला बारीक अक्षरात तारीख घालते.
दाराच्या चौकटीवर निनादच्या उंचीच्या रेघा आहेत,
त्या पाच फूट सातवर थांबल्या.
ही छतावरची वाढ अजून चालू आहे.

नेरुळ, सिडकोची इमारत, चौथा मजला.
वर फक्त गच्ची, आणि गच्चीवर सोसायटी.
म्हणजे गच्ची नक्की कोणाची,
हे मी सहा वर्षं लेखी विचारते आहे.
अकरा अर्ज. प्रत्येकावर पोच, शिक्का, सही.
सेक्रेटरी गावंड म्हणतात, पुढच्या सर्वसाधारण सभेत घेऊ.
सभेत चहा होतो, समोसा होतो,
पार्किंगवरून दोघे एकमेकांची कॉलर धरतात,
आणि आयत्या वेळचे विषय येईपर्यंत
कोरम घरी जाऊन जेवायला बसलेला असतो.

तोवर मी संसार सरकवत राहते.
पलंग खिडकीकडे. कपाट हातभर पुढे.
थेंबाखाली आधी पातेलं, मग टब,
टबात जुना टॉवेल, आवाज मरावा म्हणून.
टॉवेल हे ह्यांचं संशोधन.
रात्री दोनला उठून टब ओतायचं काम माझं.
ओतताना बाराव्या अर्जाची पहिली ओळ
रोज मनात लिहून होते:
सोसायटीच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे

पाऊस दोन दिवस उघडला तसा
करावे गावातून तांडेल आला, लाकडी दांडा घेऊन.
त्याने माझा डाग पाहिला, तारखा वाचल्या,
नाही म्हटलं तरी थोड्या कौतुकानं,
आणि म्हणाला, "वहिनी, पानी दिसतं तिथशी येत नाय."

मग गच्चीवर उकिडवा बसून
तो कोबा ठोकत, कान लावत पुढे सरकत राहिला.
मध्येच सांगू लागला,
इथं आमच्या आजाचं खाजण होतं.
उधाणाला बांधाला खांड जायची,
लोक धावत जाऊन तिथंच चिखल थापायचे.
आजा मात्र बांधावरून उलटा चालत जायचा,
खेकड्याचं बीळ शोधत.
ते नेहमी लांब कुठंतरी असायचं.
बीळ मुठीएवढं,
आणि शेत तीन वर्षं खारं.

ठक. ठक. ठक.
मग एकदम पोकळ.

पाण्याच्या टाकीमागे,
माझ्या डागापासून नऊ पावलांवर,
चौकोनात चार भोकं.
चारीत गंजलेले बोल्ट.

मला ओळखायला वेळ लागला नाही.
वर्ल्डकपच्या साली ह्यांनी डिश बसवली होती,
परवानगी कसली मागायची, म्हणत,
ड्रिल मशीन पिल्लेंकडून उसनं आणून.
आणि मीच खाली खिडकीतून मान काढून ओरडत होते,
आलं, आलं! जरा डावीकडे... गेलं.
ती फायनल आपण हरलो.
डिश पुढे भंगारवाल्याने नेली, साठ रुपयांना.

तांडेलने बोल्ट उपटले, माझ्या हातात दिले.
ब्रशने भोकं झाडली, फुंकर मारली,
पातळ राखाडी काहीतरी ओतलं.
ते आत जात राहिलं, जातच राहिलं,
मला वाटलं, पोचतंय की काय खाली
कपाटातल्या फायलीपर्यंत.

खालून ह्यांचा आवाज येत होता, फोनवर कोणाला तरी,
"सोसायटी काही करत नाही हो."

त्याने पावतीपुस्तक काढलं,
कार्बन नीट बसवला,
कानामागचं पेन हातात घेऊन विचारलं,
"बिल कोनाचे नावानं करू? सोसायटीचे?"

तेवढ्यात कोणाच्या तरी वाळत्या चादरीमागून
गावंड वर आले, बगलेत छत्री,
हसून म्हणाले,
"काय, सापडलं का?"

बोल्ट अजून ओले होते.
मुठीत मावत होते चारही.